टाचेचा आकडा आणि डेक्सा : सुनंदास पत्र

प्रिय सुनंदा,

शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवायला लावून 'टी-स्कोअर उणे 2.6' लिहिलेला कागद हातात दिला, तेव्हापासून तुझा जीव थाऱ्यावर नाही. टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी माणसाच्या हाडाशी आपल्या हाडाची तुलना. घाबरू नकोस, पण तो कागद टाकूनही देऊ नकोस. त्या मशीनमध्ये टाचेतून ध्वनिलहरी सोडतात. किरण नाहीत, यंत्र कुठंही उचलून नेता येतं, म्हणून शिबिरांत तेच दिसतं. पण 'उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं)' ही जागतिक आरोग्य संघटनेची 1994 सालची रेघ डेक्सासाठी, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीसाठी आहे, टाचेसाठी नाही. टाचेच्या आकड्यावरून पुढं डेक्सा करायची एवढंच ठरवायचं. त्यावर औषध सुरू करू नये, औषध लागू पडतंय का हेही त्यावरून बघू नये.

डेक्सा कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची, दोन्हींची करून घे. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि किरणांची मात्रा छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेव. न विरघळलेली गोळी मणक्यांच्या समोर आली तर घनता खोटी वाढते. अलीकडे पोटाच्या एक्स-रेसाठी बेरियम (पांढरं औषध) दिलं असेल किंवा कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं औषध) देऊन सीटी स्कॅन झालं असेल तर आधी सांग, तारीख पुढं ढकलतील. हुक, झिप, पिन काहीही अंगावर नको.

टेबलावर झोपल्यावर पोटऱ्या ठोकळ्यावर ठेवतील, म्हणजे कंबर सपाट टेकते. खुब्यासाठी पाऊल आत वळवून पट्ट्यानं बांधतात. इथं घाई झाली की मोजणी बिघडते: पाऊल पुरतं वळलं नाही तर मांडीच्या हाडाची मान आखूड दिसते आणि घनता जास्त येते. चित्रात मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा लहान उंचवटा ठळक दिसला, तर पुन्हा काढायला सांग. संकोच करू नकोस.

मणक्यांचा आकडा तुझ्या-माझ्या वयात सहज फसवतो. झिजेमुळं वाढलेली हाडाची टोकं आणि दबून गेलेला मणका, दोन्ही घनता वाढवून दाखवतात. एखाद्या मणक्याचा टी-स्कोअर शेजारच्यापेक्षा 1 पेक्षा जास्त वेगळा असेल तर तो सोडून बाकीचे धरतात, मात्र किमान दोन उरायला हवेत. धाकटीची पाळी अजून चालू आहे, तिच्या रिपोर्टात टी नव्हे, झेड-स्कोअर (तिच्याच वयाच्या बायकांशी तुलना) बघायचा.

आणि हे मुद्दाम सांगते. घनता कमी आली म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच, असं नाही. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर हाडं मऊ पडतात, त्यातही डेक्सा कमीच दाखवते. यंत्राला तो फरक कळत नाही. आपल्याकडं ही कमतरता सर्रास सापडते. म्हणून रक्तात 25-हायड्रॉक्सी ड, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज बघितल्याशिवाय हाडाच्या औषधाला हो म्हणू नकोस.

काकूंचा, म्हणजे तुझ्या आईचा, खुबा मोडला होता, हे डॉक्टरांना नक्की सांग. सांधेदुखीसाठी तीन महिने किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) घेतलं असशील तर तेही. फ्रॅक्स हे पुढच्या 10 वर्षांतल्या फ्रॅक्चरचा धोका काढणारं गणित आहे, त्यात या दोन्ही गोष्टी धरतात. त्याची भारतासाठीची आवृत्तीही आहे. बरीच फ्रॅक्चर उणे 2.5 च्या वरच्या बायकांतच होतात, त्यामुळं नुसत्या टी-स्कोअरवर विसंबू नये.

घरी उंची भिंतीला टेकून मोज. तरुणपणापेक्षा 4 सेंटीमीटर घटली असेल तर पाठीचा बाजूनं एक्स-रे काढायला हवा. दबलेला मणका कित्येकदा दुखतच नाही.

पुढची डेक्सा एक-दोन वर्षांनी, पण त्याच मशीनवर. तेव्हा टी-स्कोअर नाही, ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये दिलेली घनता ताडून बघायची. 3 ते 5 टक्क्यांच्या आतला फरक बहुतेकदा मोजणीतलाच असतो.

रिपोर्ट आला की नुसता आकडा फोनवर सांगू नकोस, चित्रांची पानंही पाठव.

तुझी,
माधवी