गोटा फोडू नका, विरघळू द्या

संपादक महोदय,

पश्चिम ऑस्ट्रेलियात गोगो इथल्या चुनखडीच्या गोट्यांत सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या फुप्फुसमाशांचे (फुप्फुसानेही श्वास घेणाऱ्या माशांचे) जीवाश्म न चेपता टिकले आहेत. ते काढायला छिन्नी नको. हातोडीच्या ठोक्याने आत हाड दिसलं, की गोटा १० टक्के ॲसिटिक आम्लात ठेवावा. चुनखडी विरघळते, हाडातलं फॉस्फेट टिकतं. उघडं पडलेलं हाड आम्लाच्या दर फेरीनंतर धुऊन, वाळवून पातळ राळेनं पक्कं करावं. घात होतो तो धुण्यात! आम्लात एक दिवस, तर पाण्यात दोन-तीन दिवस हवेतच. नाहीतर उरलेल्या कॅल्शियम ॲसिटेटचे स्फटिक वाळताना हाडाला तडे पाडतात. धीर धरला तर ग्रिफोग्नाथस या फुप्फुसमाशाचं बदकाच्या चोचीसारखं लांब मुस्कट अख्खं हाती येतं.

– एक वाचक