कऱ्हाडहून कृष्णा नदीनं घरी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

भिलवडीच्या घाटावर उतरून घरी आले, पण बोलणं झालंच नाही. आई, तू नुसती माझे हात-पाय चाचपून बघत होतीस. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हापासून होडी म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो, हे मला माहीत आहे. त्या दिवशी महापूर होता आणि बोटीत पेलवणार नाहीत इतकी माणसं होती. आम्ही थंडीत निघालो, कॅनूत दोघीच, आणि पाण्यावर असेपर्यंत लाइफ जॅकेटचा बंद एकदाही सोडला नाही.

प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीला नमस्कार करून होडी पाण्यात घातली. रेठऱ्यापासून दोन्ही काठांना ऊसतोड चाललेली, गुऱ्हाळाचा वास थेट पाण्यावर. बंधारा आला की बरंच अलीकडे काठाला लागायचं आणि कॅनू खांद्यावरून पलीकडे न्यायची. वरून बंधाऱ्याची उडी दिसतच नाही आणि खाली पाणी घुसळत असतं. बह्याला रामलिंग बेटावर समर्थांच्या मारुतीपुढे नारळ वाढवला. त्या रात्री एका मळ्यात मालकांना विचारून तंबू ठोकला. त्यांनी शाळूचा हुरडा दिला आणि कॅनू आणखी वर ओढायला लावली. कोयनेतून पाणी सोडलं की रात्रीत पातळी चढते म्हणाले.

पुढं एका ठिकाणी पाणी काळपट, फेसाळ, वास नको इतका. जीव तुटला. कॅनमधलंच पाणी पीत होतो, पण काठावरच्या गुरांना कुठलं कॅन?

मगरीचंही सांगते, लपवत नाही. औदुंबरच्या अलीकडे वाळूवर ऊन खात पडली होती. आम्ही समोरच्या काठानं, वल्हं न आपटता गेलो, ती हललीही नाही. त्या टापूत नदीकाठी मुक्काम नाहीच. औदुंबरला धर्मशाळेत झोपलो, पहाटे दत्ताची काकड आरती मिळाली.

बाबा, तुम्ही गूळ करायच्या मोठ्या काहिलीत बसून नदी ओलांडायचात, होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारायचात. आता भिलवडी ते हरिपूर करायचं आहे. येरळा नदी मिळते तिथं कुठल्या अंगानं जावं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुम्हीच पुढं बसा. आई, तू गाडीनं हरिपूरला ये, संगमेश्वराचं दर्शन मिळूनच घेऊ.

बाबांच्या छातीचं माप फोनवर कळव, जॅकेट मागवायचं आहे.

तुमची,
ताई