सहकुटुंब म्हणजे नक्की कोण कोण?

संपादक महोदय,

शनिवारच्या पुरवणीत त्या सिनेमाला साडेतीन स्टार देऊन शेवटी 'सहकुटुंब बघावी अशी धमाल' असं छापलंत, त्या भरवशावर मी काल नातवाला घेऊन गेलो. नातू सात वर्षांचा, दुसरीत. आपले परीक्षक बहुधा एकटेच गेले असावेत, नाहीतर इंटरव्हलच्या आधीचा तो ड्रिल मशीनचा सीन त्यांच्या लक्षात राहिला असता. माणूस खुर्चीला बांधलेला, गुडघ्यात ड्रिल, मागे बँडबाजा आणि अख्खं थिएटर खो खो हसतंय. नातवाने आधी माझ्याकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं आणि मग तोही हसायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, सर्टिफिकेट बघायचं होतंत. बघितलं ना, आत जाऊन बसल्यावर पडद्यावर! यूए १६+. तिकिटं मुलाने मोबाइलवर काढलेली, त्यात ते कुठेतरी बारीक अक्षरात होतं म्हणे. चूक आमची, मान्य आहे. दारावरच्या पोराने काही विचारलं नाही, आणि त्याने विचारायचंही नसतं कारण अडवायचं ते फक्त 'ए' ला, अठराच्या खालच्यांना. यूए म्हणजे आईबापांनी ठरवा. पूर्वी नुसतं यूए असायचं, बाराच्या आतल्यांसाठी, २०२३ ला कायदा बदलून ७, १३, १६ असे तीन भाग केले ते आईबापांना ठरवणं सोपं जावं म्हणूनच ना? मग तुमच्या अर्ध्या पानात व्हीएफएक्सवर दोन परिच्छेद आणि हा आकडा कुठेच नाही, असं का?

मारामारीला माझी ना नाही. लहानपणी दादा कोंडक्यांच्या सिनेमाला आम्हाला घरून सक्त बंदी होती, तरी चोरून गेलोच, पण अर्धे विनोद डोक्यावरून गेले त्यामुळे बिघडलं काही नाही. हाणामारी अशी डोक्यावरून जात नाही हो, ती पोरांना पहिल्या फटक्यात कळते. त्यातून गंभीर सिनेमात निदान मार खाणारा कळवळतो तरी, इथे कढईने हाणला की टण्ण आवाज येतो आणि तो उठून नाचायला लागतो.

काल रात्री जेवताना नातवाने ओट्यावरचं लाटणं आणलं आणि धाकट्या बहिणीच्या डोक्यात घातलं. भांडण नाही, राग नाही, काही नाही. घातलं आणि आम्हा सगळ्यांकडे बघत उभा राहिला, हसतायत का म्हणून. ती किंचाळली तेव्हा तोच जास्त घाबरला. टेंगूळ अजून आहे, रात्री अकरापर्यंत बर्फ लावत बसलो होतो आणि आमच्या सौ. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीयेत, तुमच्या परीक्षकांशी त्यांना बोलायचं आहे असं कळलं.

तर विनंती एवढीच की स्टार छापता तिथेच खाली यूए किती ते छापा, आणि एका ओळीत काय आहे ते सांगा: रक्त आहे, शिव्या आहेत, ड्रिल आहे. पुढचं आम्ही ठरवू. जागा नसेल तर शनिवारच्या शब्दकोड्यातली घ्या, दोन महिने झाले त्याची उत्तरं तसंही तुम्ही देत नाही आहात. आडवे १४ काय होतं तेवढं तरी कळवा.

– एक आजोबा, डोंबिवली पूर्व