वायू आहे, वाट नाही

महोदय,

तुर्कमेनिस्तानचा नैसर्गिक वायू अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे भारतात आणण्यासाठी आखलेल्या ‘तापी’ वायुवाहिनीचा विषय निघाला की सगळा दोष अफगाणिस्तानातील अस्थिरतेवर टाकून आपण मोकळे होतो. तो दोष खोटा नाही. पण अडचण त्याआधीच, तुर्कमेनिस्तानात वायू जमिनीतून वर येतो तिथेच सुरू होते. गल्किनिश हे जगातल्या सर्वांत मोठ्या वायुक्षेत्रांपैकी एक. मात्र तिथल्या वायूत विषारी हायड्रोजन सल्फाइड बरेच असते आणि त्याने पोलाद गंजते. म्हणजे विहिरी खणून भागत नाही, महागडे शुद्धीकरण प्रकल्पही उभारावे लागतात. ग्राहक पक्का झाल्याशिवाय त्यात पैसा कोण घालणार? आणि ग्राहक म्हणतो, आधी वाहिनी दाखवा!

तुर्कमेनिस्तान वायू आपल्या सरहद्दीवर विकतो. पुढची जोखीम खरेदीदाराची. चिनी कंपनीचा अपवाद सोडला, तर जमिनीवरच्या क्षेत्रांत परदेशी कंपन्यांना भागीदारी द्यायलाही तो फारसा राजी नसतो. मग सुमारे १,८०० किलोमीटरच्या वाहिनीत बड्या कंपन्या का उतरतील? डिसेंबर २०१५ मध्ये कामाचा गाजावाजा झाला, तरी वायू अजून भारतात आलेला नाही. चीनची वाहिनी मात्र २००९ मध्येच सुरू झाली, कारण त्याने कर्जही दिले आणि गिऱ्हाईकही तोच झाला.

भारताला तितकी मोठी थैली सोडणे जमणार नाही, आणि माझ्या मते सोडूही नये. वायू आपल्या हद्दीत पोचल्यावरच पैसे, ही अट मात्र करारात ठामपणे धरावी.

– एक वाचक