परत आलीस की आधी ब्रेक बघ

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी ‘विकून टाक ती गाडी’ म्हणाले आणि तू रागावलीस. ठीक आहे. गाडी तुझी, हप्ते तू फेडलेस, आणि दहा महिन्यांनी तू परत येणार आहेस, हे मला ती गाडी पाहून तरी पटत राहील. पण ठेवायची तर नीट ठेव. चालवून गाडी झिजते, तशी नुसती उभी राहूनही बिघडते. फक्त बिघाडाच्या जागा वेगळ्या. मेसेज पाठवले तर तू वरवर वाचशील, म्हणून पत्र. वाचून झालं की कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेव, परत आल्यावर शेवटचा भाग लागेल.

आधी मंदारचं. दर रविवारी येऊन पाच मिनिटं गाडी सुरू करून जाईन, असं तो म्हणतोय. त्याला प्रेमाने नाही म्हण. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले तर ती वाफ बाहेर निघून जाते. पाच मिनिटांत ते तापत नाहीत. मग पाणी सायलेन्सरमध्ये साचून तो आतून गंजतो, आणि थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. सेल्फ मारताना बॅटरीतून जे खर्च होतं तेही जागच्या जागी पाच मिनिटं चालवून बहुतेकदा भरून येत नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा चांगला अर्धा तास रस्त्यावर, एसी लावून, ऑइल गरम होईपर्यंत फिरवायची, नाहीतर तिला हात लावायचा नाही. मधलं काही नाही. मंदारच्या हाती तू ती रस्त्यावर देणार नाहीस (आणि देऊ नकोस, कारण तुला माहीत आहे), म्हणजे दुसरा पर्याय उरला. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवायचं नाही हेही त्याला सांग. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जाण्याच्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून घे. ‘अजून तीन हजार किलोमीटर चालेल’ असं मेकॅनिक म्हणेल. चालवायची असती तर चाललंही असतं. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल, पाणी आणि थोडं न जळलेलं पेट्रोल असतं. ते दहा महिने बेअरिंगांवर बसून राहणं बरं नाही. बदलल्यावर गाडी एकदा नीट तापेपर्यंत फिरव, म्हणजे नवं ऑइल सगळीकडे पोचेल. कूलंटही, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, तपासून घे. कूलंटच्या टाकीत कोणी नुसतं पाणी भरत आलं असेल तर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरायला सांग. कूलंट गंजही रोखतो, नुसतं गोठणं-उकळणं नाही.

पेट्रोल. टाकी रिकामी ठेवायची की भरलेली, यावर तू आणि दादा वाद घालत होतात. भरलेली. रिकाम्या टाकीत हवा जास्त, आणि हवेबरोबर दमटपणा. पेट्रोलमधलं इथेनॉल तो ओलावा शोषून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. शिवाय पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं, त्यातला पटकन पेटणारा भाग उडून जातो आणि चिकट थर इंजेक्टरमध्ये, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोंडात, बसतो. म्हणून आधी फ्युएल स्टॅबिलायझर टाक, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, मग वरून पेट्रोल भर, म्हणजे ते आपोआप मिसळेल. त्यानंतर पंधरा मिनिटं गाडी चालव. टाकीत मिसळलं पण इंजेक्टरपर्यंत पोचलंच नाही तर अर्धाच उपयोग. आणि नळीचा पहिला ‘टक’ आवाज झाला की थांब, गळ्यापर्यंत भरू नकोस. उन्हाने पेट्रोल फुगतं, त्याला जागा लागते, आणि जास्तीचं पेट्रोल वाफ धरणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो निकामी करतं.

आता ब्रेक. खरं तर मला सारखं तेच डोक्यात येतंय, म्हणून मुद्दाम मागे ठेवलं होतं.

ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर जाण्याआधीच बदल. ते रबरी नळ्यांतूनसुद्धा हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल २३० अंशांच्या वर उकळतं, पण त्यात चार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की उत्कलनबिंदू १५५ पर्यंत घसरू शकतो. उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मग पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. उभ्या गाडीत त्याच पाण्याने कॅलिपरच्या (डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या पकडीच्या) पिस्टनला आतून गंज धरतो.

हँडब्रेक लावून ठेवू नकोस. हे तर लिहून डॅशबोर्डवर चिकटव. लायनर (ब्रेकचं अस्तर) महिनोन्महिने ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, घट्ट दाबून राहिले तर गंजाने चिकटतात, आणि मग चाक फिरत नाही किंवा अस्तर उखडून येतं. गाडी सपाट जागी लाव, पहिला गिअर टाक, आणि पुढच्या-मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे दे. तुझ्या गाडीला दांड्याचा हँडब्रेक आहे हे बरं. दादाच्या गाडीत बटणाचा आहे. अशा काही गाड्यांत तो गाडी बंद करताना आपोआप लागतो आणि बॅटरी काढल्यावर सुटतच नाही. त्याची गाडी विजेवरची, ती ठेवायची वेळ आली तर मोठी बॅटरी पूर्ण नव्हे, निम्मी भरून ठेवायची, हे त्याला आता सांगून ठेव. माझं तो ऐकत नाही.

गाडी धुऊन लगेच झाकू नकोस. खालची बाजू, चाकांच्या कमानी, जिथे माती साठते तिथे पाण्याचा जोर मार, कारण त्या मातीतच ओल टिकते. मग दहा-पंधरा मिनिटं फिरवून ब्रेक मारून मारून डिस्क आणि ड्रम सुकव. ओल्या डिस्कवर एका रात्रीत गंज दिसतो. रंगावरची पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक काढून मेण लाव. कव्हर कापडी, हवा खेळणारं घे. प्लास्टिक नको, त्याखाली गाडीला घाम येतो. वायपर काचेपासून उचलून ठेव आणि दांड्याखाली कापडाची गुंडाळी दे. रबर काचेला चिकटतं, आणि दांडा आपटला तर काचेला तडा जातो. दारांच्या रबरांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरव.

टायरमध्ये दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाच ते सात पीएसआय जास्त हवा भर, पण टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नकोस. हवा महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप उतरते, आणि एकाच जागी भार राहिला की तिथे टायर चपटा होतो. थोडा चपटेपणा गाडी चालून तापली की जातो, दहा महिन्यांचा जाईलच असं नाही. म्हणून मंदारला खरं काम हे दे: महिन्यातून एकदा, सोबत कोणाला तरी घेऊन, ठोकळे काढून गाडी न्यूट्रलला आणून दीड फूट पुढे ढकलायची, मग गिअर आणि ठोकळे परत; पुढच्या महिन्यात आणखी दीड फूट, जागा संपली की उलट. चाक पाव फेरा फिरलं की पुरे. ढकलताना एकाने आत बसून हँडब्रेकवर हात ठेवायचा. इंजिन बंद असताना ब्रेकचं पेडल दगडासारखं लागतं, भलताच जोर लागतो, आणि मंदार घाबरतो. तू स्टिअरिंग सरळ करून ठेव, म्हणजे लॉक पडलं तरी अडत नाही.

बॅटरी काढूनच मंदारकडे दे. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, संगणक मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर ओढतच असतात. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास; ४५ अँपिअर-तासाची बॅटरी तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. काढताना आधी वजा टोक, मग अधिक. लावताना आधी अधिक, शेवटी वजा. उलट केलंस आणि अधिक टोकाचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतील. बॅटरी उभी ठेवायची, हवेशीर जागी, चार्ज करताना जवळ ज्योत नको, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो. मल्टिमीटर लावला की १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ दिसले की चार्ज करायची. त्याखाली बराच काळ राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग ती पूर्वीइतकी भरत नाही.

उंदीर. यावर तू हसशील, पण वायरिंग कुरतडलेली गाडी दुरुस्त करणं इंजिन उतरवण्याइतकं कटकटीचं असतं. गाडीत खाण्याचा एक कणही ठेवू नकोस, सीटच्या फटी व्हॅक्युम कर. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत लोखंडी जाळी खोच, आणि स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांध: ‘जाळ्या दोन, काढल्याशिवाय सुरू करू नये.’ डांबरगोळ्या आत टाकू नकोस, वास सीटमधून वर्षभर जात नाही. विम्याची मुदत मध्येच संपत असेल तर निघण्याआधी भर. उभी गाडीसुद्धा चोरीला जाते.

बघ, परत शाळा सुरू केली मी. तुला यातलं निम्मं येतं. पहिल्यांदा स्टेपनी लावलीस तेव्हा नट समोरासमोरचे आवळत गेलीस, कोणी सांगितलं नव्हतं. तुझे बाबा अजून ते पाहुण्यांना सांगतात. ज्या कामासाठी दहा महिने चाललीयस त्यासाठी तुलाच निवडलं, याचंही ते तसंच सांगणार आहेत. मीही सांगणार आहे, फक्त तुझ्यासमोर नाही. रागावू नकोस.

पण एक. परत आलीस की झोप न घेता, सामान टाकून, तशीच चावी घेऊन आमच्याकडे निघशील. मी ओळखते तुला. त्या रात्री टॅक्सीने ये, नाहीतर दुसऱ्या दिवशी ये. ती गाडी दिवसाउजेडी, वेळ घेऊन जागी करायची.

आधी खाली टॉर्च मारून डाग बघ. जाळ्या काढ, एअर फिल्टरचं झाकण उघडून आत घरटं नाही ना पाहा. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल तिन्हींची पातळी बघ. ब्रेक ऑइल उतरलेलं असेल तर तिथेच थांब आणि मेकॅनिकला बोलाव. टायरची हवा दारावरच्या आकड्यावर आण. मग बॅटरी. सुरू करण्याआधी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पाच सेकंद सेल्फ मार. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत पेडल असं पूर्ण दाबलं की पेट्रोल बंद राहतं, इंजिन नुसतं फिरतं आणि ऑइल वर चढतं. मग पाय काढून सुरू कर. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर ताबडतोब बंद.

आणि ब्रेक. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाब, ते कडक होईल. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू कर, पेडल थोडं खाली जायला हवं. गेलं नाही तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) काम करत नाही. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खचत गेलं तर गळती आहे, गाडी हलवूच नकोस. मग ठोकळे काढून पार्किंगमध्येच माणसाच्या चालीने पुढे घे आणि दाब. पहिल्या काही वेळा खरखर होईल, तो डिस्कवरचा गंज, तो जातो. गाडी एका बाजूला ओढली, किंवा दोन किलोमीटरनंतर एखादंच चाक तापलं, तर कॅलिपर अडकलाय. मागचं चाक सुटतच नसेल तर इंजिनचा जोर लावून ओढू नकोस. लायनर चिकटलेत, रबरी हातोडीने ड्रमवर हलके ठोके देतात, ते काम मेकॅनिकचं. हे सगळं ठीक असलं तरी पहिल्या दिवशी हायवे नाही. मला फोन करून सांग की ब्रेक बघितले. मग ये.

तिथे पोचलीस की कळव. स्वेटर मोठ्या बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत ठेव.

तुझी,
आई

ता. क. बॅटरीचा १० नंबरचा पाना डिकीत टाकू नकोस. तुझी डिकी बटणावर उघडते, बॅटरी नसताना ती उघडणार नाही. पाना मंदारकडे, बॅटरीबरोबरच दे. आणि रिमोटमधली लपलेली साधी किल्ली ड्रायव्हरच्या दाराला लागते का, ते निघण्याआधी एकदा फिरवून बघ.