ट्रान्सफर केस एकसारखी नसते

प्रति,
संपादक,

महोदय,

जुन्या लष्करी गाड्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. मात्र या सगळ्या गाड्यांची फोर-व्हील यंत्रणा सारखीच असते, हे त्यातले विधान बरोबर नाही. त्यावर विसंबून कोणी भंगारबाजारातून ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी गिअरपेटी) उचलली तर पैसे पाण्यात जातील.

जीपपासूनच सुरुवात करू. युद्धकाळातली विलीज एमबी आणि महिंद्राची सीजे-३बी या दोन्हींत स्पायसर १८ हीच केस आहे. बाहेरून पाहिले तर भाऊ-भाऊ वाटावेत. पण केसचा लो, म्हणजे जास्त ओढीचा संथ गिअर, एमबीत १.९७ चा आणि ३बीत २.४६ चा. पहिला गिअर आणि एक्सल धरून हिशेब केला तर एमबीची एकूण ओढ २५.६ पट, ३बीची ३७ पट. चिखलात हा फरक लगेच कळतो.

दुसरा फरक आतल्या मधल्या शाफ्टचा. एमबीत तो पाऊण इंची, नंतर एक इंच एक सूत आणि पुढे सव्वा इंच झाला. या केसमध्ये हाय गिअरवर, टू-व्हीलमध्ये चालतानाही सगळा जोर या शाफ्टवरच्या मधल्या गिअरमधूनच जातो, त्यामुळे बारीक शाफ्ट आणि त्याची नीडल बेअरिंग आधी झिजतात. मागची लॉक प्लेट ढिली असेल तर शाफ्टच फिरू लागतो, हाउसिंगचे भोक मोठे होते आणि तेल ठिबकते. मग कितीही सील बदला, गळती थांबत नाही. आउटपुट शाफ्टचा एंड-प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) मागच्या कॅपखालच्या शिमने (पातळ चकतीने) ०.१० ते ०.२० मिमी ठेवावा. जास्त राहिला तर लोमधून गिअर निसटतो. दोष मात्र लिव्हरला दिला जातो.

एमबीत गिअरबॉक्सचे तेल ट्रान्सफरमध्ये उतरते. म्हणून दोन्हींचे तेल भरायचे प्लग एकाच वेळी उघडून पातळी पाहावी. गिअरबॉक्सला सुमारे ०.७ लिटर, ट्रान्सफरला १.४ लिटर लागते. पितळी भाग असल्याने जीएल-५ प्रतीचे गिअर तेल टाळावे.

ट्रकांची गोष्ट निराळी. डॉज डब्ल्यूसी-५१ च्या केसमध्ये लो नाहीच, कारण गाडीच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअरच ६.४ चा आहे. तिचाच सहाचाकी भाऊबंद डब्ल्यूसी-६३, त्यात दोन वेग आहेत आणि लो १.५. जीएमसी सीसीकेडब्ल्यू ट्रकमध्ये हायसुद्धा सरळ एकास एक नाही, १.१६ आहे, लो २.६३.

सर्वांत फसवी केस अमेरिकी एम३५ ट्रकची. त्याच्या जुन्या टी-१३६-२१ केसमध्ये पुढचा एक्सल जोडायला लिव्हर नाही, स्प्रॅग क्लच (एकाच दिशेने पकडणारा क्लच) आहे. मागची चाके घसरली की तो आपोआप पकडतो. पुढचे टायर मागच्यापेक्षा मोठे बसवले तर तो कायम पकडलेला राहतो आणि टायर घासतात. रिव्हर्ससाठी वेगळा स्प्रॅग असून तो गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांडीने बदलतो. ती दांडी नीट जुळवलेली नसताना ट्रक मागे घेतला तर पुढे जाण्याचा स्प्रॅग सुटत नाही, आणि केस फुटण्यापर्यंत वेळ येते. नंतरच्या टी-१३६-२७ मध्ये पुढचा एक्सल जोडण्याचे काम दाबाच्या हवेवर चालते. केसच्या पुढच्या तोंडाशी हवेची नळी येत असेल तर ती २७. हवा कमी असेल तर पुढची चाके जोडली जात नाहीत.

केस कोणतीही असो, जीप घेण्यापूर्वी दोन्ही एक्सलचे गिअर-प्रमाण जुळते का, हे बघायला जॅक आणि खडू पुरतात. गिअर न्यूट्रलला, ट्रान्सफर टू-व्हीलला, हँडब्रेक सोडलेला. उरलेल्या चाकांना दगड लावावेत. एक चाक जमिनीवर ठेवून त्याच एक्सलचे दुसरे उचलावे, प्रॉपेलर शाफ्टवर (केसपासून एक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) खूण करावी आणि चाक दोन पूर्ण फेरे फिरवावे. एमबीच्या ४.८८ प्रमाणाला शाफ्टचे पाचाला किंचित कमी फेरे होतात, ३बीच्या ५.३८ ला सव्वापाचाच्या थोडे वर. पुढे-मागे आकडे वेगळे आले तर त्या गाडीत फोर-व्हील अजिबात टाकू नये.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर