बाळ्यास पत्र

बेर्गामो, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. सव्वा वर्ष झालं तुला धड चार ओळी लिहून. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतो त्याला पत्रव्यवहार म्हणत नाहीत, असं नंदाने सुनावलंय. तब्येत ठीक. साखर काठावर, गुडघा नेहमीचा. सायलीची मुलगी तीन महिन्यांची झाली, नाक आमच्याकडचं आहे, बिचारीला पर्याय नव्हता. झाली बातमी.

आता खरं काय ते. काल जावयाबरोबर ब्रेशियाला गेलो होतो. इथून जेमतेम पन्नास किलोमीटर. ब्रेशिया म्हणजे कुठलं ते तुला सांगायला नको. तुझ्या माळ्यावर इंग्रजी मासिकांचे गठ्ठे होते, त्यातल्या एकाचं पान तू फाडून फियाटच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलं होतंस. स्टर्लिंग मॉसची चंदेरी मर्सिडीज, लाल आकडा ७२२. ते पान मी नंतर काच पुसायला वापरलं. तू तीन दिवस बोलला नव्हतास.

सांत युफेमियाच्या जुन्या मठात मिल्ले मिल्याचं, म्हणजे ब्रेशिया-रोम-ब्रेशिया त्या हजार मैलांच्या मोटारशर्यतीचं, संग्रहालय आहे. जावई बिचारा मोबाइलवर वाचून मला माहिती देत होता : १९२७ साली चौघांनी सुरू केली, इटालियन ग्रां प्री ब्रेशियाहून मोंझाला गेली त्या रागातून. मी मान हलवत होतो. त्याला काय माहीत की हे मी डेक्कनवर तुझ्या तोंडून पन्नास वेळा ऐकलंय, आणि 'राग आला की रस्ताच शर्यतीला घ्यायचा, हे खरे मर्द' ही तुझी टीपही! एका फोटोत उतरत्या फळीवर फियाट ११०० उभी होती. बाळ्या, आपली डुक्कर फियाट! तोच गोल पार्श्वभाग. छोट्या गाड्या आदल्या रात्री नऊपासून सोडायचे, मोठ्या पहाटेनंतर, एकेका मिनिटाने, आणि दारावरचा आकडा म्हणजे सुटण्याची वेळ. मी फोटोसमोर इतका वेळ उभा राहिलो की जावई म्हणाला, "बाबा, बसता का जरा?"

रात्री झोप येईना, म्हणून मॉसच्या शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्या जेन्किन्सनचा तो वृत्तान्त वाचला. तू मला गोष्ट म्हणून सांगायचास, मी कधी स्वतः वाचला नव्हता. कबूल. सगळं मॉसचं कौतुक ऐकून सोडून द्यायचो : १ मे १९५५, सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटला, १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत रोमला जाऊन परत. १५९७ किलोमीटर, म्हणजे आपल्या इथून दिल्लीच्याही पुढे, आणि तेही गावांतून, घाटांतून, सरासरी १५७ च्या वेगाने. मागून फांजिओ, गाडीत एकटा, बत्तीस मिनिटं उशिरा. मॉसचं वय २५. मला वाटायचं, हीच गोष्ट. शेजारच्या दाढीवाल्याचं मला कधी काही वाटलं नाही.

काल वाटलं.

तो माणूस पत्रकार, बाळ्या. आधी साइडकारच्या पाळण्यात बसून जगज्जेता झालेला, म्हणजे दुसऱ्याच्या हाती जीव द्यायची सवय होती म्हण. सरावाच्या फेऱ्यांमध्ये अख्खा रस्ता लिहून काढला. सतरा-अठरा फूट कागदाची गुंडाळी, पत्र्याच्या डबीत, वर पारदर्शक झाकण, आणि फिरवायला खुंट्या. कल्पना मुळात जॉन फिच नावाच्या अमेरिकनाबरोबर शिजलेली. त्याने मोठ्या मनाने सांगितलं, जा, मॉसबरोबर बैस. (मित्र असे असतात. तू वाकडेवाडीच्या दुकानातला तो ट्रिपमीटर मला घेऊ दिला नाहीस, आठवतंय ना?) बोलायची यंत्रणा लावून पाहिली, तर मॉस एकाग्र झाला की त्याला ऐकूच येईना. मेंदू आवाज आतच घेईना. म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या. पुढे काय आहे ते मॉसला दिसायचं नाही, उंचवट्यापलीकडे रस्ता सरळ की वळणाचा कळायचं नाही. जेन्किन्सनने 'सरळ' अशी खूण केली की हा ताशी २७० ने तसाच वरून जायचा. चाकं हवेत.

वाटेत तो ओकला. ओकताना वाऱ्याने चष्मा उडाला. जास्तीचा होता, लावला आणि पुढची खूण दिली. (तू आंबेनळी घाटात ओकलास ते माझ्या मांडीवर. चष्मा मात्र सांभाळलास.)

आता मूळ मुद्द्यावर येतो, इतका वेळ टाळत होतो. ही गोष्ट नंदाला सांगितलेली नाही.

जानेवारीत पोलादपूरला लग्नाला निघालो होतो. महाबळेश्वरवरून उतरत होतो, दुपारी तीन, ऊन स्वच्छ, रस्ता कोरडा. नंदा मागे झोपलेली. आंबेनळी मला डोळे मिटून येते असं मी चाळीस वर्षं सांगत आलो. एका वळणानंतर डावं येणार, हे मला पक्कं माहीत होतं. आलं उजवं. बाळ्या, मी डावीकडे स्टिअरिंग वळवलेलं होतं. ब्रेक दाबला, पुढचं चाक खडीत, कठडा हातभर. खालून एसटी आली. ड्रायव्हरने काचेतून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, रास्त केला. नंदा उठली, "काय झालं?" मी म्हटलं, "कुत्रं आडवं आलं."

कुत्रं नव्हतं. काहीच नव्हतं. मी फक्त चुकीचा रस्ता आठवत होतो.

तेव्हापासून मी डोळे तपासले, दोनदा. ठीक आहेत म्हणतात. डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं की 'घाटात जरा गोंधळल्यासारखं झालं'. ते म्हणाले, झोप पुरेशी घ्या. खरं सांगायला जीभ वळत नाही. कारण खरं सांगितलं की चावी जाते. हसू नकोस. तू २०१९ ला स्कूटर विकलीस तेव्हा मी तुला म्हातारा म्हणालो होतो, सगळ्या कट्ट्यासमोर. ते मागे घेतो. इथे जावई रोज विचारतो, "बाबा, चालवता का? रस्ते छान आहेत." मी म्हणतो, परवाना आणायचा राहिला. परवाना सूटकेसमध्ये आहे, सदऱ्यांच्या खाली.

आणि काल परतताना त्याने हौसेने वाकडी वाट करून गुइदिझ्झोलोला नेलं. तिथे मला नव्हतं जायचं. १२ मे १९५७, शर्यत संपायला थोडकंच अंतर राहिलेलं, द पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो, शेजारचा नेल्सन आणि बघायला उभे असलेले नऊ जण. त्यात पाच मुलं. त्यानंतर सरकारने शर्यतच बंद केली. एन्झो फेरारीवर खटला भरला, १९६१ मध्ये सुटला. रस्त्याकडेला स्मारक आहे. मी तिथे उभा राहून रस्ता बघत होतो. बाळ्या, तिथे वळणच नाही रे. सरळ रेघ. पोरं शेताच्या कडेला बघायला उभी असणार, आपण सदाशिव पेठेत गणपती बघायला उभे राहायचो तशी.

माझ्या डोक्यात सारखं येतं, त्या एसटीत किती माणसं होती. मोजायचं सुचलं नाही.

म्हणून ते ८६ च्या आपल्या रॅलीचं प्रकरण पुन्हा काढतो. तुला वाटेल, म्हाताऱ्याला आता काय मोहोर आला. धुकं, रात्रीचे अकरा, पोलादपूरला चेकपॉइंट. तू वही मांडीवर घेऊन, दातांत टॉर्च धरून म्हणालास, "खाली." मी म्हटलं, मला रस्ता माहीत आहे, आणि वर घेतली. थेट प्रतापगडाच्या पायथ्याशी. अफझलखानानंतर तिथे एवढा वाईट फसलेला मीच. आपण शेवटून दुसरे आलो आणि शेवटच्याच्या गाडीचा ॲक्सल मोडला होता. मी सगळ्यांना सांगितलं की तुझ्या वहीत चूक होती. वही बरोबर होती. मला तेव्हाच, कमानीखाली गाडी वळवतानाच कळलं होतं. तू दोन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस ते प्रतापगडामुळे असं लोकांना वाटतं. तू का बोलला नाहीस हे आपल्या दोघांना माहीत आहे.

मॉसला एक सोय होती असं काल वाटलं. त्याला काहीही पाठ नव्हतं, किंवा असलं तरी त्याने ते वापरायचं नाही असं ठरलेलं होतं. हजार मैल पाठ होतच नाहीत. मला चाळीस किलोमीटर पाठ होते, म्हणून मी कठड्यापाशी गेलो. हे लिहिताना शहाणपणाचं वाटतंय. खरं तर घाबरलोय. वळणं विसरतोय की सगळंच विसरायला लागलोय, हे मला एकट्याला ठरवता येत नाही. परवा इथल्या कपाटात चहापत्ती सापडेना, तर मला घाम फुटला. सायलीने जागा बदलली होती.

तुझं काय चाललंय? सोसायटीचं रीडेव्हलपमेंट सुरू झालं की बिल्डर अजून पेढेच वाटतोय? वहिनींचा खांदा बरा असेल. मंदारच्या नोकरीचं उशिरा कळलं, अभिनंदन कळव. सुर्व्याच्या दहाव्याला येऊ शकलो नाही, तू होतास तेवढं पुरे म्हणून गप्प राहिलो. चूक झाली.

आम्ही २२ ला परत येतोय. दिवाळीनंतरचा एखादा कामाचा वार बघ, रविवार नको, गर्दी असते. नंदाला सांगू की तापोळ्याला बोटीत बसायला चाललोय. महाबळेश्वर ते पोलादपूर, मी चालवतो, तू डावीकडे. काही बोलायचं नाही, आधी फक्त बघायचं मी कुठे चुकतो ते. तू सांगितलंस की बास, तर पोलादपुरातून तू चालवत आण, मी चावी मागणार नाही. फक्त मला खोटं सांगू नकोस, आणि नंदाला खरं सांगू नकोस.

ती निळ्या पुठ्ठ्याची वही तू टाकलेली नाहीस हे मला माहीत आहे. काढून ठेव. वळणं तीच आहेत, रस्ता तेवढा रुंद झालाय.

तुझा,
सुध्या

ता. क. ओकायची पिशवी आण. गाडी नवी आहे.